टोचणारी मोरपंखी

शेंद्र्यात हिरव्या शंकूंना तोटा नाही. छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने निघाले आणि चिकलठाण्याचे विमानतळ मागे पडले की थोड्याच वेळात औद्योगिक वसाहत लागते. पूर्वी शेंद्रा म्हटले की पंचक्रोशीला मांगीरबाबाची यात्रा आठवायची, आणि चैत्रात ती आजही भरते. २००१ पासून इथे स्कोडाच्या मोटारी तयार होऊ लागल्या. पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेचा भाग म्हणून ‘ऑरिक’ ही आखीव नगरी उभी राहिली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तिचे लोकार्पण झाले. कारखान्यांबरोबर एका विशिष्ट वळणाच्या बागाही आल्या. फाटकाच्या दोन्ही अंगांना लॉन, लॉनच्या कडेला विटांची किनार आणि किनारीलगत एका मापात कातरलेले शंकू, चेंडू आणि खांब.

या रांगेतला ज्युनिपर कोणता, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. तो नुसत्या कुतूहलाचा नाही. कुंती, मेंदी किंवा ड्युरांटा मुळापर्यंत छाटला तरी महिन्याभरात फुटतो. ज्युनिपर पानाच्या मागे, तपकिरी लाकडापर्यंत कापला, तर तिथे पुन्हा पान येत नाही आणि ती उघडी जागा झाड असेपर्यंत तशीच राहते. ड्युरांटाला रोज पाणी चालते. ज्युनिपरच्या मुळाशी पाणी साचले की मुळे कुजतात. एकाच रांगेत, एकाच पाइपवर आणि एकाच कात्रीखाली ही सगळी झाडे ठेवली, की ज्याचे नाव कुणाला माहीत नाही ते झाड सगळ्यात आधी मरते.

ओळख पटवताना पहिला अडसर येतो तो आकाराचा. जंगलात झाड दुरून ओळखता येते, कारण तिथे फांद्यांची ठेवण झाडाची स्वतःची असते. कातरलेल्या बागेत ती माळ्याची असते. माळी ड्युरांटाचाही शंकू करतो, फायकसचाही आणि ज्युनिपरचाही. तेव्हा दुरून पाहून अंदाज बांधण्याची सवय इथे सोडून द्यावी लागते. झाडापाशी जायचे, गुडघ्यावर बसायचे, फांद्या बाजूला सारून आत पाहायचे, पान बोटांत धरायचे. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग खिशात असले तर काम सोपे होते. शे-दोनशे रुपयांत ते मिळते आणि झाडांची आवड असलेल्या प्रत्येकाकडे असावे, असे माझे ठाम मत आहे.

आधी रांगेतले तोतये बाजूला काढू. सोनेरी ड्युरांटा जवळ जाताच उघडा पडतो, कारण त्याचे पान रुंद आणि कडेला किंचित दातेरी असते. फायकसचे पान तोडले की पांढरा चीक येतो. या दोघांत फार वेळ घालवू नये. खरी फसवणूक करते ते गोल्डन बॉटलब्रश. पिवळट, बारीक पानांनी गच्च भरलेले, टोकाला निमुळते होत गेलेले हे झाड रस्त्याच्या दुभाजकात आणि कारखान्यांच्या आवारात हल्ली सर्रास दिसते, आणि भलेभले त्याला सोनेरी सायप्रस समजतात. हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे, मेलॅल्यूका ब्रॅक्टिएटा या जातीचे आणि निलगिरीच्या कुळातले. पान अरुंद असले तरी चपटे, खरेखुरे पान असते. चुरगाळले की लवंगेकडे झुकणारा वास येतो. सूचिपर्णी झाडांशी त्याचे काही नाते नाही.

कोकणच्या किनाऱ्यावरचे सुरू असेच चकवते. त्याच्या लोंबत्या हिरव्या सुया म्हणजे पाने नव्हेत, त्या बारीक काड्या आहेत. एक काडी दोन्ही हातांनी ओढली तर ती पेरापेरांवर सुटते आणि प्रत्येक पेरावर दातांसारखी इवली पाने दिसतात. फळ लाकडी असले तरी सुरू हे फुलझाडांच्या वर्गातले आहे. ज्युनिपरची काडी अशी पेरांवर सुटत नाही.

पोडोकार्पस मात्र खरोखर सूचिपर्णींपैकी आहे. त्याचे उंच, सरळ खांब आता बहुतेक कार्यालयांच्या दारात दिसतात. त्याचे पान लांब, पट्टीसारखे आणि मध्ये शीर असलेले, त्यामुळे घोटाळा होत नाही. ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकला जाणारा अरौकॅरियाही ओळखायला सोपा. त्याच्या फांद्या खोडाभोवती एकावर एक मजल्यांत येतात. आपल्याकडे नॉरफोक बेटाचा म्हणून जो अरौकॅरिया मिळतो, तो बहुधा न्यू कॅलेडोनियाचा, अरौकॅरिया कॉलम्नॅरिस असतो. त्याची आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. जगभर लावलेली या जातीची झाडे विषुववृत्ताच्या दिशेने कललेली असतात, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजून दाखवले गेले. आपल्याकडे म्हणजे दक्षिणेकडे. शेंद्र्यात किंवा कुठेही उंच अरौकॅरिया दिसला तर होकायंत्र घेऊन पाहावे.

एवढे सगळे वजा केल्यावर तिघे उरतात आणि ते तिघेही एकाच कुळातले, क्युप्रेसेसी कुळातले आहेत. मोरपंखी, सायप्रस आणि ज्युनिपर. ओळखीचे खरे काम इथे सुरू होते.

मोरपंखी सगळ्यांच्या परिचयाची. शाळेत वहीच्या पानांत जपून ठेवलेले ‘विद्येचे पान’ ते हेच. लिनीअसने १७५३ मध्ये तिला थुजा ओरिएंटॅलिस म्हटले. त्यामुळे नर्सरीत अजूनही ‘थुजा’ हेच नाव चालते, पण फ्रँको या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये तिला वेगळ्या प्रजातीत नेले आणि तिचे आजचे नाव प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस आहे. तिची ठळक खूण म्हणजे चपट्या फांद्या. बारीक डहाळ्या एकाच पातळीत पसरतात आणि ती पातळी जमिनीला समांतर नसून उभी असते. म्हणूनच ती वहीत सपाट बसते. पानाच्या दोन्ही बाजू साधारण सारख्याच हिरव्या दिसतात. पाने म्हणजे एकमेकांवर दाबून बसलेले खवले, आणि भिंगातून पाहिले तर मधल्या खवल्यांच्या पाठीवर एक बारीक खाच दिसते. हात फिरवला तर ती मऊ लागते.

शेंद्र्यातल्या एका आवारात रांगेतल्या दोन झाडांतला फरक मी तिथल्या माळीमामांना विचारला होता. ते म्हणाले, “ही साधी मोरपंखी अन् ती टोचणारी मोरपंखी. तिची कटिंग करायची म्हणजे हातमोजे घालावे लागतात.” त्यांनी दोन शब्दांत सांगितलेली ही खूण ज्युनिपरच्या ओळखीतली सगळ्यात भरवशाची खूण आहे, आणि ती का भरवशाची आहे हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

बागेत लावला जाणारा चिनी ज्युनिपर, म्हणजे ज्युनिपेरस चायनेन्सिस, याच्या अंगावर दोन तऱ्हेची पाने येतात. पहिली पाने सुईसारखी, पाच ते बारा मिलिमीटर लांब, ताठ, टोकाला अणकुचीदार, फांदीवर बहुधा तिनाच्या झुबक्याने येणारी. ही सुई भिंगाखाली उलटसुलट करून पाहावी. फांदीकडच्या बाजूला दोन पांढुरके पट्टे दिसतात. झाडाची श्वासरंध्रे त्या पट्ट्यांत असतात आणि त्यांवर मेणाचा थर असतो. दुसऱ्या तऱ्हेची पाने खवल्यांची, जेमतेम दोन मिलिमीटरची, बोथट टोकाची, समोरासमोर जोड्यांनी अशी घट्ट बसलेली की डहाळी वेणीसारखी विणलेली दिसते. ही डहाळी मोरपंखीसारखी चपटी नसते. बोटांत फिरवली तर ती गोलसर किंवा किंचित चौकोनी लागते, आणि तिच्या पुढच्या डहाळ्या एका पातळीत न राहता सगळ्या दिशांना फुटतात.

सुया ही बाल्यावस्थेतली पाने आणि खवले ही प्रौढ पाने. बहुतेक झाडे बालपणीची पाने कायमची टाकून देतात. चिनी ज्युनिपर मात्र मोठा झाल्यावरही फांदीफांदीवर दोन्ही पाने बाळगतो. बाहेरच्या टोकांना खवले, आतल्या आणि खालच्या फांद्यांवर सुया. म्हणून आत हात घालून पाहायचे. बाहेरून मऊ वाटलेले झाड आतून टोचले आणि एकाच फांदीवर दोन्ही पाने सापडली, तर चिनी ज्युनिपरच्या बाजूने मोठा पुरावा हाती आला.

कात्रीचा इथे आणखी एक परिणाम आहे. ज्युनिपरची जोरकस छाटणी केली की नव्या फुटीला बालपणीच्या सुया येतात. बोन्साय करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. खवल्यांची सुबक पाने असलेले झाड जास्त छाटले की पुढची काही वर्षे काटेरी फुटते, म्हणून ते छाटणी बेताने करतात. शेंद्र्याच्या रांगेत दर महिन्याला कात्री फिरते. झाड त्यामुळे बालपणीच्या पानांतून बाहेरच येत नाही आणि माळीमामांचे हात ओरबाडत राहतात. म्हणजे कात्री झाडाचा आकारच काय, पानही बदलते. सगळीकडे सुयाच दिसल्या म्हणून ‘हा चिनी ज्युनिपर नव्हे’ असे ठरवू नये. छाटणीपासून सुटलेली, भिंतीकडची एखादी फांदी शोधावी. तिथे खवले मिळण्याचा संभव अधिक.

बाल्यावस्थेतल्या पानांनी मोठमोठ्या अभ्यासकांनाही चकवले आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बागांत जपानहून आलेली मऊ सुयांची काही झुडपे ‘रेटिनोस्पोरा’ या वेगळ्याच नावाने ओळखली जात. पुढे जर्मन अभ्यासक लुडविग बाइसनर यांनी दाखवून दिले की यांतली बरीचशी झुडपे म्हणजे थुजा आणि सायप्रसच्या नात्यातल्या जातींची बालरूपेच आहेत. बालवयातल्या फांदीची कलमे करत गेल्याने ती रूपे कायम झाली होती. पानाची एकच तऱ्हा पाहून नाव ठेवण्याचा मोह त्या काळीही अंगलट आला.

आजही हा धोका एका कुंडीतल्या झाडाबाबत आहे. नाताळच्या सुमारास नर्सऱ्यांत पोपटी-पिवळ्या रंगाचे, टोकदार, फारच देखणे रोप येते. ‘लेमन सायप्रस’ किंवा ‘गोल्डक्रेस्ट’. त्याची पानेही बाल्यावस्थेतली, सुईसारखी असतात आणि म्हणून ते ज्युनिपर म्हणूनही खपते. दोन बोटांनी चुरगाळा. लिंबाचा स्वच्छ वास आला आणि पान टोचले नाही, तर तो कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावरचा मॉन्टेरे सायप्रस. थंड, दमट हवेतले हे झाड मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, ४० अंशांच्या वर गेलेल्या दुपारी, लॉनच्या कडेला उभे करणे म्हणजे त्याला मारण्यासाठीच आणणे होय.

ज्युनिपरचा वास निराळा, राळेचा, टर्पेंटाइनच्या जवळचा आणि किंचित कडवट. जुन्या लाकडी पेन्सिलींना टोक करताना जो वास यायचा, तो ज्युनिपेरस व्हर्जिनियाना या अमेरिकी ज्युनिपरच्या लाकडाचा होता. एके काळी पेन्सिलींसाठी तेच लाकूड जगभर वापरले जाई. एकट्या वासावर निकाल देऊ नये, पण पानाच्या पुराव्याला तो चांगली जोड देतो.

मोठा, जुना सायप्रस आणि जुना ज्युनिपर यांतला फरक सगळ्यात अवघड. दोघांच्याही डहाळ्या गोलसर, दोघांचीही पाने खवल्यांची. इथे पानाने भागत नाही, फळ लागते. फळ हा शब्द सोयीसाठी वापरतो आहे. सूचिपर्णींना फूल नसते, म्हणून खरे फळही नसते, बीज धरणारे शंकू असतात. सायप्रसचा शंकू गोल, लाकडी, दोन-तीन सेंटिमीटरचा, ढालींच्या तुकड्यांनी जोडल्यासारखा असतो आणि पिकला की तडकून उघडतो. मोरपंखीचा शंकू लहान, कोवळेपणी निळसर, खवल्यांच्या टोकांना बाहेर वळलेल्या आकड्या असलेला. तोही पुढे लाकडी होऊन उघडतो. ज्युनिपरचा शंकू कधीच असा उघडत नाही. त्याचे खवले मांसल होतात, एकमेकांत मिसळतात आणि एखाद्या छोट्या बोरासारखा गोळा तयार होतो. चिनी ज्युनिपरमध्ये तो पाच ते दहा मिलिमीटरचा असतो, त्यावर पांढुरका मेणाचा लेप असतो आणि पिकायला त्याला दुसरे वर्ष लागते. आत बहुधा दोन-तीन कठीण बिया. पक्षी तो गोळा खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात. लाकडी शंकूऐवजी मांसल शंकू करण्यामागचे हेच कारण.

हा गोळा शेंद्र्यात दिसला नाही तर? न दिसण्याचीच शक्यता जास्त आहे. ज्युनिपरमध्ये बहुधा नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि बागेची झाडे कलमांनी वाढवलेली असतात. एका नर झाडापासून हजार कलमे केली तर हजारही नर, त्यांना फळ कधीच धरणार नाही. नर झाडावर डहाळ्यांच्या टोकांना इवले पिवळसर शंकू येतात आणि झटकले तर परागाची धूळ उडते. त्यातच कात्री नेमकी टोके कापते आणि शंकू टोकांनाच येतात. तेव्हा फळ नसणे हा ज्युनिपर नसल्याचा पुरावा मानू नये. उलट लाकडी, उघडलेला एक जरी शंकू झाडावर किंवा बुंध्याशी सापडला, तर तो ज्युनिपर नाही हे तिथल्या तिथे ठरते.

ज्युनिपरचा शंकू हातात घेऊन पाहायचा असेल तर हिमालयात जायची गरज नाही. काष्ठौषधींच्या दुकानात ‘हाऊबेर’ मागावे. आयुर्वेदात जिला हपुषा म्हणतात, तीच ही. ज्युनिपेरस कम्युनिस या जातीचे वाळलेले शंकू. भिंगाखाली एकेक दाणा फिरवला तर टोकाला तीन रेघा एका बिंदूत मिळालेल्या दिसतील. तीन मांसल खवले जिथे सांधले गेले, तो हा सांधा. एकदा तो पाहिला की ‘हे बोर नसून शंकू आहे’ हे पाठ करावे लागत नाही. हीच जात युरोपात जिन या मद्याला तिचा वास देते. मात्र म्हणून बागेतल्या ज्युनिपरचे गोळे कुणी चघळून पाहू नयेत. ज्युनिपेरस सॅबिना ही बागेत लावली जाणारी एक जात विषारी आहे आणि नर्सरीतल्या काही संकरांत तिचा अंश असतो. आडवा पसरणारा प्रसिद्ध फित्झर ज्युनिपर हा चिनी ज्युनिपर आणि सॅबिना यांचाच संकर.

ज्युनिपरच्या जगभरात पन्नासहून अधिक जाती आहेत. रॉबर्ट अॅडम्स या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने या एकाच प्रजातीच्या अभ्यासात आयुष्य घालवले. पानांतली सुगंधी तेले आणि डीएनए तपासून जाती वेगळ्या करण्याची त्याची पद्धत होती, कारण बाह्य रूपावर काही ठिकाणी निर्णय लागतच नाही. आपण बागेत उभे राहून जातीपर्यंत पोहोचलो तर पुष्कळ झाले. त्या जातीचा नेमका कोणता बागायती वाण, हे पानावरून ठरवण्याचा हट्ट धरू नये. सोनेरी टोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा, फांद्या पिळल्यासारख्या वर जाणारा, जमिनीलगत पसरणारा, असे चिनी ज्युनिपरचे कितीतरी वाण आहेत. वाणाचे नाव सांगू शकते ती फक्त जिथून रोप आले त्या रोपवाटिकेची नोंद.

मूळचा हा वृक्ष चीन, कोरिया आणि जपानचा. लिनीअसने १७६७ मध्ये त्याला नाव दिले. बीजिंगच्या स्वर्गमंदिराच्या आवारात पाचशे वर्षांहून जुना चिनी ज्युनिपर उभा आहे. खोडावरच्या पिळांमुळे त्याला नऊ ड्रॅगनांचे नाव मिळाले आहे. त्याच आवारात तितकीच जुनी मोरपंखीची झाडेही आहेत. शेंद्र्याच्या रांगेत चार फुटांवर कातरून ठेवलेली ही दोन झाडे तिथे शतकानुशतके शेजारी वाढत आली आहेत. माझ्या मते हे माहीत असलेल्या माणसाची कात्री आपोआप जरा हलकी चालेल.

दख्खनच्या पठारावर मात्र सूचिपर्णी पाहुणेच. हिमालयात ज्युनिपरच्या अनेक जाती रानात वाढतात, लडाखमध्ये ‘शुकपा’ची पाने धूप म्हणून जाळतात. पण विंध्याच्या दक्षिणेला रानात आपणहून वाढणारा सूचिपर्णी एकच, नॅजिया वॉलिचियाना, आणि तोही दक्षिणेकडच्या सह्याद्रीतल्या ओल्या जंगलांत. महाराष्ट्रातली मोरपंखी, सायप्रस, ज्युनिपर ही सगळी लावलेली झाडे. नेहमीच असे नव्हते. नागपूरजवळच्या टाकळीच्या थरांत सूचिपर्णीचा अश्मीभूत शंकू मिळाला आणि बिरबल साहनी यांनी गावाच्या नावावरून त्याला टाक्लिओस्ट्रोबस म्हटले. हे थर लाव्हाच्या दोन लोटांच्या मधले, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. त्याच लाव्हाच्या महापुराचा बेसाल्ट शेंद्र्याच्या मातीखाली आहे.

बागेत सूचिपर्णी आणून लावण्याची हौसही या शहराला नवी नाही. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची कबर, म्हणजे बीबी का मकबरा, सतराव्या शतकात तिचा मुलगा आझमशहा याने उभारली. तिथली बाग इराणी चारबागेच्या आखणीची आहे. त्या परंपरेत पाण्याच्या पाटालगतच्या सरळसोट सायप्रसला मानाचे स्थान होते आणि मोगल चित्रांत, नक्षीत तो वारंवार येतो. फरक असा की त्या बागेतला सायप्रस उंच जाण्यासाठी लावला जाई, कातरून ठेवण्यासाठी नव्हे.

पुन्हा शेंद्र्याच्या मातीकडे येऊ, कारण ओळख पटल्यावरचा पहिला उपयोग तिथे आहे. या भागात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ज्युनिपरला कमी पाऊस चालतो, कोरडेपणा तर तो चांगलाच सोसतो. त्याला सोसत नाही ते पावसाळ्यात काळ्या मातीच्या खड्ड्यात तुंबलेले पाणी. पाण्याने भरलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि फायटोफ्थोरासारख्या कुजवणाऱ्या रोगजंतूंना फावते. त्यात सूचिपर्णींचा एक स्वभाव माणसाला गाफील ठेवतो. मुळे मेल्यावरही पान कित्येक आठवडे हिरवे राहते. ऑगस्टमध्ये मेलेले झाड ऑक्टोबरच्या उन्हात तपकिरी दिसू लागते, पाहणाऱ्याला वाटते उन्हाने सुकले आणि पाण्याची नळी आणखी अर्धा तास चालू राहते. शेजारच्या दोन झाडांची मुळेही मग त्याच वाटेने जातात.

म्हणून लावण्याआधी खड्डा पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल तर तिथे ज्युनिपर लावू नये. लावायचाच तर जमिनीपेक्षा वीतभर उंच वरंब्यावर, मातीत भरपूर मुरूम मिसळून, पूर्ण उन्हात. पाणी ठिबकने, बुंध्यापासून दूर आणि दोन पाळ्यांत माती सुकू देऊन. लॉनच्या फवाऱ्याखाली तो ठेवूच नये. छाटणी हिरव्या भागापुरती, हिवाळा सरताना, नवी फूट निघण्याआधी. आतल्या जुन्या सुया वर्षातून एकदा तपकिरी होऊन गळतात. तो रोग नव्हे, घाबरून औषध मारू नये. पण एप्रिल-मेमध्ये पूर्ण झाड धुरकट, फिकट दिसू लागले तर डहाळीखाली पांढरा कागद धरून तिला टिचकी मारावी. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर ती कोळी-कीड आहे. कोरड्या उष्णतेत ती झपाट्याने वाढते. कीटकनाशकाआधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड आतून धुवावे, बऱ्याचदा तेवढ्याने कीड आटोक्यात येते.

माझा स्पष्ट कौल असा आहे. शेंद्र्यासारख्या ठिकाणी ज्युनिपरच्या लांबच लांब रांगा लावणे चूक आहे. इथल्या पाण्यालाही ते न्याय देत नाही आणि झाडालाही. कातरलेली हिरवी किनार हवी असेल तर कुंती, अडुळसा, निरगुडी ही आपल्या हवेत मुरलेली झुडपे ते काम आनंदाने करतात आणि पुन्हा पुन्हा फुटतात. पण एखाद्या मुरमाड उंचवट्यावर, कात्रीपासून दूर, एकच ज्युनिपर त्याच्या मर्जीने वाढू दिला तर तो बागेची शोभा होईल आणि शाळेतल्या मुलांना एकाच फांदीवर दोन तऱ्हेची पाने दाखवता येतील.

आणि रोप घेताना नर्सरीवाल्याकडून पावतीवर ‘शो प्लँट’ किंवा ‘थुजा’ एवढेच लिहून घेऊ नका. झाडाचे वनस्पतिशास्त्रीय नाव, वाण ठाऊक असेल तर वाणाचे नाव आणि लावल्याची तारीख लिहून मागा. तीच अक्षरे एका अॅल्युमिनियमच्या पट्टीवर कोरून झाडाच्या बुंध्याशी, खोडाला न आवळता अडकवा. माळी बदलतात, कंत्राटदार बदलतात. झाड कोणते आहे हे नव्या माणसाला त्या पट्टीवरून कळले पाहिजे.